जाधवबाईंचं विलायतेतलं माणूस

जाधवबाई फोन उचलताना 'हॅलो' म्हणत नसत. "जय भीम, बोला, लाईन चालू आहे," असं म्हणत. समोरचा गोंधळून गप्प बसला की लगेच, "बोला, बोला, लाईन अडवून ठेवू नका." त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. पुढे माणसाशिवाय फोन जोडणारी यंत्रं आली, तेव्हा बाईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या चेन-बटणांच्या दुकानावरच्या खोलीत, बौद्ध समाजासाठी वधू-वर केंद्र काढलं. "यंत्र तारा जोडतं. माणसं जोडायला अजून ऑपरेटरच लागतो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. हे वाक्य त्यांना बोर्डावरही हवं होतं, पण बोर्ड लहान पडला.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिथे संगणक सांभाळायला लागले. राहायचे बदलापूरला, आधीची कारखान्यातली नोकरी सुटली होती. मला फोनवर बोलायला आवडत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "उत्तम," बाई म्हणाल्या, "बोलायला मी आहे." त्या मला आडनावाने हाक मारत. सावंत, लाईन द्या. सावंत, चहा सांगा. सावंत, तो मुलगा तीन वेळा खोकला, तब्येतीचं विचारून घ्या.

फोन ऐकताना त्या डोळे मिटत. कामाचे फोन उजव्या कानाला, नातेवाइकांचे डाव्या. चुकून एखाद्या नणंदेचा फोन उजव्या कानाला लागला, तर "थांबा हं," म्हणून आधी हात बदलत आणि मगच भांडत. स्थळं त्या आवाजावरून पारखत. "माणूस दिसतो कसा ते नंतर. फोन उचलतो कसा ते आधी."

बदलापूरच्या एका इंजिनिअरचं स्थळ मला आठवतं. नोकरी पक्की, स्वतःचा फ्लॅट, फोटोत हसरा. बाईंनी जेवणाच्या वेळी त्याच्या घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याच्या आईने उचलला, आणि बोलणं पुरं झाल्यावर बाईंनी मुलीच्या वडिलांना सरळ नकार कळवला. वडील तावातावाने जिना चढून आले.

"अहो, पगार बघितलात का त्याचा?"

"बघितला. आई धापा टाकत आली होती, आणि मागे तो म्हणत होता, आई, कधीचा फोन वाजतोय. म्हणजे फोन त्याच्या हाताशी. उद्या तुमची मुलगी कुठकुठून धापा टाकत येत राहील, त्याचा हिशेब करा."

वडील पाय आपटत गेले. मुलगी मात्र जिन्यातून परत फिरून दाराशी आली, "थँक यू, काकी," म्हणाली आणि पळाली.

पण बाईंचा एक कच्चा दुवा होता, आणि तो साऱ्या ऑफिसला ठाऊक होता. रेडिओवरच्या निवेदकासारखा भारदस्त, गोड आवाज कानावर पडला की बाई विरघळत. खालच्या दुकानाचे मालक लालचंदशेठ, आमचे घरमालक, फॅक्स करायला म्हणून वर येत आणि गंमत ऐकत बसत. ते म्हणायचे, "साईं, बाईला लुटायचं तर चोराने गाणं शिकून यावं."

आमची एक परदेशी शाखाही होती. तसं म्हणायच्या बाईच. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात समाजाचा हॉल होता, तिथे रविवारी आपली माणसं जमत. बाईंच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीच्या ओळखीने आम्ही तिथे एक जुना संगणक ठेवला होता. लग्नाची मुलं-मुली त्यावर आमच्या वेबसाईटवरचा फॉर्म भरत: शिक्षण, नोकरी, पत्ता, घटस्फोट झाला असेल तर तोही. एके दिवशी हॉलचे सेक्रेटरी मदनलाल यांचा फोन आला. ते पंजाबी, बोलणं हिंदीत.

"बहनजी, एक प्रॉब्लम है. आपकी कंपनी इंडिया में, और कम्प्यूटर हमारे देश में. लोगों की प्राइवेट बातें उसमें. यहाँ का कानून कहता है, यहीं रहनेवाला एक प्रतिनिधि रखो."

"कशाला?" बाईंनी मराठीत विचारलं. त्या कोणत्याही भाषेला मराठीत उत्तर देत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं भागत असे.

"किसी को शिकायत हो, अपनी जानकारी देखनी हो, मिटानी हो, तो किसके पास जाए? उल्हासनगर? बुद्ध पूर्णिमा के मेले तक नाम दे दीजिए. नहीं तो कम्प्यूटर स्टोररूम में, टूटी कुर्सियों के साथ."

मी इंटरनेटवर शोधून वाचलं. मदनलाल म्हणत होते ते खरं होतं. परदेशी धंद्याचं यंत्र त्यांच्या देशात बसून माहिती गोळा करत असेल, तर त्या माहितीसाठी उत्तर देणारं एक माणूस तिथे नेमावं लागे. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे ऑपरेटर," त्या म्हणाल्या. "सरळ ऑपरेटर म्हणायचं. प्रतिनिधी काय."

हा नुसता संगणकाचा प्रश्न असता तर बाईंनी एवढं मनावर घेतलं नसतं. प्रश्न कविताचा होता. कविता अंबरनाथची, तिकडे इस्पितळात नर्स. पहिलं लग्न मोडलेलं. तो नवराही तिकडेच, आणि भेटेल त्याच्याकडे तिचा पत्ता मागत फिरणारा. त्याच्यापायी तिने घर बदललं होतं. कविताची आई आमच्या बाकावर येऊन बसायची. "पोरीचं पुन्हा जमावं वाटतं हो बाई. पण फॉर्म भरला आणि त्याला पत्ता लागला तर?"

बाईंनी कविताशी उजव्या कानाने बोलून घेतलं. पोरगी स्पष्ट होती. "काकी, तुम्ही तिकडे, संगणक इथे, आणि हॉलची किल्ली साऱ्या गावाकडे. पत्त्याची जबाबदारी घेणारं कुणी इथे असल्याशिवाय मी काही भरणार नाही."

"मिळेल," बाई म्हणाल्या, आणि शोध सुरू झाला.

आता माणूस निवडायचा म्हणजे बाईंच्या लेखी ते बघणंच. बघणं म्हटलं की पोहे हवेत. उमेदवार इंग्लंडात, आम्ही कॅम्प पाचात, तरी प्रत्येक मुलाखतीला पोहे झाले. दुपारी चारला तिकडची सकाळ व्हायची. नेटवरून फोन लावायचा, तो स्पीकरवर टाकायचा, आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाई, मी, कविताची आई आणि फॅक्सच्या निमित्ताने लालचंदशेठ, असे आम्ही उमेदवार बघायला बसायचो. आवाज फिरून परत यायचा, त्यामुळे बाईंचा प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःलाच दोनदा ऐकू यायचा आणि दुसऱ्यांदा त्या मान डोलवायच्या.

पहिले होते एक वकील, मूळचे पुण्याचे. बोलणं अगदी तुपातलं. "निर्धास्त राहा. गोपनीयता हा माझा हातखंडा. अहो, तुमच्या बदलापूरच्याच एका डॉक्टरांचा घटस्फोट मी केला. बायकोने काय काय मागितलं माहीत आहे? नाव सांगतो, तुम्ही ओळखत असाल."

कविताच्या आईचा पोह्यांचा घास हातातच राहिला. ऐकायची इच्छा सगळ्यांनाच होती, मलासुद्धा. बाईंनी हात लांब करून लाईन तोडली.

"नाव तरी कळलं असतं," लालचंदशेठ हळहळले.

"म्हणूनच तोडली," बाई म्हणाल्या.

दुसरे लालचंदशेठचे साडू. तिकडे त्यांचं किराणा दुकान. माणूस इतका दिलदार, की प्रश्न संपायच्या आत होकार. सही करनी होगी? करेंगे. साहेब लोग आएँगे? चाय पिलाएँगे.

"आणि कुणी येऊन एखाद्या मुलीचा पत्ता मागितला तर?" बाईंनी विचारलं.

"दे देंगे, बहनजी. घर तक छोड के आएँगे."

लालचंदशेठ पोहे टाकून खाली गेले आणि बरेच दिवस फॅक्स करायला आले नाहीत.

पौर्णिमा जवळ आली. मग कविताच्या आईला कांताबाई आठवल्या. कांताबाई पूर्वी अंबरनाथला बँकेत होत्या, आता तिकडे मुलाकडे. आम्ही फोन लावला. पलीकडून एक करकरीत आवाज आला, "खिडक्या नकोत." फोन बंद. पुन्हा लावला. "सांगितलं ना, खिडक्या नकोत." बंद. मागाहून कळलं की तिकडे काचेच्या दुहेरी खिडक्या विकणारे दिवसभर फोन करून लोकांना भंडावत, आणि कांताबाईंनी फोन म्हणजे खिडकीवाला अशी खूणगाठच बांधली होती. मराठीत विचारणाराही त्यांना खिडकीवालाच वाटे.

तिसऱ्यांदा बाईंनी घाईने विचारलं, "अंबरनाथच्या, कानसईतल्या कांताबाई का?"

"कोण विचारतंय?"

"मी जाधव."

"जाधव ढिगाने आहेत."

"कांताबाई घरात आहेत का?"

"असल्या तर काय काम?"

बाईंनी स्पीकरवर हात ठेवला. त्यांचे डोळे लकाकत होते. "सावंत, ही बाई स्वतःचं नावसुद्धा देत नाही." मग हात काढून मुद्दाम विचारलं, "आमची कविता तिकडेच असते. नर्स आहे. ओळखता?"

"कुठली कविता? मला कविता-बिविता काही माहीत नाही."

कविताच्या आईने तोंडावर पदर घेतला आणि कुजबुजली, "अहो, दर रविवारी पोरगी हिच्याकडे जेवते."

"हीच," बाई म्हणाल्या. "पोहे वाढा."

आईने फोन हातात घेऊन ओळख पटवली, कांताबाईंनी बरीच कुरकुर करून होकार दिला, मी वेबसाईटवर त्यांचं नाव आणि हॉलचा पत्ता चढवला. बाईंनी आणखी एक नियम केला. तिकडच्या कुणाचाही पत्ता संगणकात ठेवायचा नाही. तो फक्त कांताबाईंकडे. आम्हालाही दिसायला नको.

दोन दिवसांत मदनलालचा फोन. "बहनजी, मैंने आपके प्रतिनिधि को फोन किया. वो कहती हैं खिडकी नहीं चाहिए."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. चूक लक्षात आली ती आम्हा सगळ्यांच्या एकदमच. ज्यात लोकांना उत्तरं द्यायची, त्या कामावर आम्ही अख्ख्या इंग्लंडातली एकमेव उत्तर न देणारी बाई शोधून, पोहे खाऊन, एकमताने नेमली होती.

"दुसरं कुणी?" मी विचारलं.

"नाही. हिलाच शिकवायचं."

त्यानंतरची शिकवणी मी कधी विसरणार नाही. रोज दुपारी चारला वर्ग. बाई घंटी दोनदा वाजवून फोन तोडत आणि पुन्हा लावत, म्हणजे खिडकीवाला नाही हे कांताबाईंना कळे. मग बाई कधी मदनलाल होत, कधी सरकारी साहेब, कधी रडणारी मावशी.

"मी सरकारी ऑफिसातून बोलतोय. तुम्ही या केंद्राच्या प्रतिनिधी का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"चूक. कांताबाई, साहेबाला हो म्हणायचं."

"हो. पुढे?"

"पुढे मी फॉर्म भरलेल्या एका मुलीची मावशी. मला तिचा नंबर पाहिजे."

"नाही मिळणार."

"बरोबर, पण अर्धंच. आम्ही एक्स्चेंजमध्ये काय म्हणायचो? नंबर देता येत नाही. निरोप घेते. तुमचं नाव सांगा. ज्याची माहिती, त्याला विचारते आणि कळवते. एवढं म्हणा."

"एवढं बोलायचं?"

"एवढंच बोलायचं."

"खिडकीवाल्याला पण?"

"खिडकीवाल्याला नाही."

मेळ्याच्या दिवशी मदनलालनी सगळ्यांसमोर कांताबाईंना विचारलं, आपण प्रतिनिधी का? त्यांनी कमिटीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हो. निरोप असेल तर सांगा." संगणक जागेवर राहिला. कविताने संध्याकाळी फॉर्म भरला.

खरी परीक्षा नंतर आली, आणि ती जाधवबाईंचीच निघाली.

एका दुपारी फोन वाजला. मी उचलला आणि बाईंकडे दिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण मलासुद्धा तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटला. खर्जातला, मध घातलेला. बाईंनी डोळे मिटले. माणूस सांगत होता की तो कविताचा मामा, बरीच वर्षं परदेशात, आता त्याच देशात आलेला. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन फिरवलेली. ताईचं, म्हणजे कविताच्या आईचं, नाव त्याने बरोबर सांगितलं, गल्ली सांगितली, दारातलं शेवग्याचं झाडही सांगितलं. फक्त पोरीचा पत्ता हवा होता, अचानक जाऊन उभं राहायचं होतं.

"किती माया आवाजात," बाई फोन ठेवून म्हणाल्या. कविताच्या आईला विचारावं तर ती जांभूळ गावी बहिणीकडे गेलेली, तिथे फोन नाही. बाईंना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी घंटी दोनदा वाजवून तोडली आणि कांताबाईंना लावला. लालचंदशेठचा राग एव्हाना निवळला होता, तेही हजर होते.

"कांताबाई, कविताचा मामा आलाय. पत्ता द्या, मी त्याला कळवते."

"पत्ता देता येत नाही. निरोप घेते."

बाई हसल्या. "अहो, मी जाधव बोलतेय. आत्ता शिकवणी नाही, खरंच द्यायचाय."

"ज्याची माहिती, त्याला विचारते आणि कळवते."

"मी केंद्राची मालकीण आहे."

"केंद्र तुमचं. पत्ता तिचा."

"कांताबाई, तुम्हाला मी नेमलंय."

"नेमलंत ना? मग आता ऐका," असं म्हणून कांताबाईंनी फोन ठेवला.

खिडकीवाला समजून तोडलेले सोडले, तर जाधवबाईंचा फोन आजवर कुणी तोडला नव्हता. सासूनेही नाही. त्या रिसीव्हरकडे बघत राहिल्या. लालचंदशेठ हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा फोन कापला?" एखादं दैवत हललेलं बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

चहा यायच्या आत कांताबाईंचा फोन आला. तोही स्पीकरवरच. "विचारलं. कविता म्हणते, तिच्या आईला भाऊच नाही. आवाज कसा होता म्हणाली. मी सांगितलं, जाधवबाई विरघळल्या म्हणजे गोड असणार. ती म्हणाली, मग तोच. नवरा."

बाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "सावंत, त्या माणसाने नंबर दिला होता. लाईन द्या."

"राहू दे बाई," मी म्हटलं.

"निरोपाचं उत्तर द्यावं लागतं. नियम आहे."

त्याने पहिल्याच घंटीला उचलला. बाई ऑपरेटरच्या सपाट आवाजात म्हणाल्या, "तुमचा निरोप पोचला. उत्तर आलं आहे. उत्तर, नाही."

मग तो मध जो आटला. शिव्या इतक्या की लालचंदशेठने कानात बोटं घातली, आणि लालचंदशेठ हे घाऊक बाजारात आयुष्य काढलेले गृहस्थ. बाई शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, उजव्या कानाने. "हां," शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुमचा आवाज आला. मघाशी लाईन खराब होती." आणि फोन ठेवला.

कुणालाही वाटलं असतं की बाई आता आठवडाभर तोंड लपवतील. छे. त्या दिवसापासून जो फोन येईल त्याला, स्थळाची चौकशी राहू द्या बाजूला, बाई आधी हेच सांगायच्या: "आमच्या विलायतच्या बाईंनी माझा फोन तोडला. माझा." आवाजात असा तोरा, की पलीकडच्याला वाटावं कुणी बाईंचा सत्कार केलाय. नणंदेचा फोन आला तेव्हा हेच सांगायला त्यांनी तो मुद्दाम उजव्या कानाला घेतला.

कविताचं लग्न वर्षभराने जमलं. मुलगा तिकडच्याच एका प्रयोगशाळेत. बाईंनी त्याला सांगून-न सांगता बऱ्याचदा फोन केले, तो दरवेळी स्वतः उचलायचा. तरीही यावेळी बाईंनी नुसत्या कानावर विसंबून निकाल दिला नाही, सगळं कांताबाईंमार्फत विचारून घेतलं. मंगल परिणय त्याच हॉलमध्ये झाला. मदनलालनी फोटो पाठवले. पांढऱ्या साडीत कविता, शेजारी नवरा, मागे संगणकावर टाकलेला टेबलक्लॉथ. प्रत्येक फोटोत एका उंच बाईने नेमकं तोंड फिरवलेलं. कांताबाई दिसतात कशा, हे आम्हाला कळलंच नाही.

पुढे लोक घरबसल्या मोठ्या वेबसाईटवर स्थळं बघू लागले. बाईंनी केंद्र आवरलं आणि चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्या. मला दुसरी नोकरी मिळाली. त्यांना शेवटची भेटले ती तिथेच. दार उघडं होतं. बाई फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एका गठ्ठ्याला पांढरं कापड शिवत होत्या, पूर्वी पार्सलला शिवायचे तसं. आत दुपटी होती. कविताला मुलगी झाली होती.

कापडावर त्यांनी जाड पेनने कांताबाईंचं नाव आणि हॉलचा पत्ता घातला होता.

"हे आता कशाला, बाई?" मी विचारलं. "सरळ कविताच्या घरीच पाठवा ना. कांताबाईंना हेलपाटा."

बाईंनी दाताने दोरा तोडला.

"तिचा पत्ता मला कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. मुलगा डॉक्टर झाल्याचं लोक ज्या सुरात सांगतात, अगदी त्या सुरात.